अक्काची अक्षरं

माझ्या आठवणींचं पहिलं पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशकानं परत पाठवलं. 'भाषेवर कानडीची फार छाया आहे, सुधारून द्या,' असं त्यांनी कळवलं होतं. सुधारायचं म्हणजे आमच्या घरातलं बोलणंच सुधारायचं. ते मला जमलं नाही. मग हुबळीत, आमच्या कापडदुकानाच्या माडीवर, मी स्वतःच प्रकाशन सुरू केलं. पुढं माझी आणि इतरांचीही बरीच पुस्तकं तिथून निघाली.

माझ्या प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत मी कलघटगीला थोरल्या बहिणीला, अक्काला, नेऊन द्यायची. ती कुंकू लावून ते देवापुढं ठेवायची. मला त्याचंच कौतुक वाटायचं.

दोन वर्षांमागं आम्ही दोघी तिच्या घरी शेंगा सोलत बसलो होतो. तिनं सहज विचारलं, "त्या पहिल्या पुस्तकात माझ्याबद्दल काय लिहिलीस गं?"

"वाचली नाहीस?"

"मी कानडी शाळेत चौथीपर्यंत. तुझी अक्षरं मला कुठं येतात?"

जन्मभर आम्ही मराठीत बोललो, मराठीत भांडलो. ती रोज कानडी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते, हेही मी बघत होते. तरी इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"वाचून दाखवू?"

"नको. माझं मला वाचायचंय."

घरी येऊन मी ते पुस्तक कानडी लिपीत उतरवायला घेतलं. भाषा मराठीच, अक्षरं तेवढी कानडी. दोन महिने लागले. कमरीपेठेतल्या छापखान्याचे कानडी मालक पानं बघून हसले. म्हणाले, "मॅडम, सगळं वाचता येतंय, पण कळत काहीच नाही!"

प्रत हातात पडल्यावर अक्कानं चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचायला लागली. मी चार वर्षांची असताना मला कुत्रं चावलं, तिनं मला कडेवर घेऊन दवाखान्यात नेलं, मी रस्ताभर रडत होते, असं मी लिहिलं होतं. तिथं ती थांबली.

"हे चूक हाय. तू नाही रडलीस. मी रडत होते."

"तू?"

"अकरा वर्षांची होते की गं. घरी अप्पांना काय सांगू म्हणून भ्याले होते. तू फ्रॉकानं माझे डोळे पुसत होतीस."

मला यातलं काही आठवत नव्हतं. ती मात्र ते वाक्य पुन्हा वाचत, नाही म्हणत मान हलवत राहिली. मी तिचा हात हातात घेतला.

कानडी लिपीत थोड्याच प्रती काढल्या होत्या, त्या तिनं शेजारणींना वाटून टाकल्या. घरी मराठी आणि शाळेत कानडी, अशा तिच्यासारख्या किती जणी निघाल्या! पुन्हा छापताना मी ते वाक्य दोन्ही लिप्यांत बदललं.

आता नव्या पुस्तकाची पानं कानडी लिपीत उतरवून छापखान्याच्या आधी कलघटगीला जातात. परवा अक्कानं एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं कानडी अक्षरांत लिहून पाठवलं, 'मी असं बोलणार नाही.' ते पान मी पुन्हा लिहायला घेतलं आहे.