मेंढीचे कान

मार्सली विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र आणि गेलिक भाषा-संस्कृती असे दोन विषय शिकते हे कळल्यावर स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावरच्या तिच्या गावात चेष्टा झालीच. पोस्टातला केनेथ म्हणाला, "म्हणजे चोराला आपल्याच भाषेत शिव्या घालणार होय!"

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिने विषय घेतला, पोलिसांत न जाता गावाने मिटवलेले अपराध. गावातल्या ऑयरिक आजीने तिला स्वतःच्या घरातलीच एक गोष्ट सांगितली. एका कडक हिवाळ्यात पोरं उपाशी होती, तेव्हा आजीच्या नवऱ्याने शेजारच्या मर्डोची मेंढी मारली. मर्डो दुसऱ्या दिवशी आला, त्याच मटणाचं सूप प्यायला, "मीठ बरोबर पडलंय" म्हणाला आणि निघून गेला. पुढे हाच नवरा चर्चमध्ये मानाच्या बाकावर बसू लागला.

"माणूस गेला, पोरी," आजी म्हणाली. "आता नाव जाऊ देऊ नकोस."

मार्सलीने शब्द दिला. प्रबंधात तिने माणसांची नावं बदलली, गावही बदललं. प्राध्यापकांनी बारकाव्यांचं कौतुक केलं.

शनिवारी गावच्या सभागृहात तिने त्यातला भाग गेलिकमधून वाचायला घेतला. आजी दुसऱ्या रांगेत होती, मर्डो दाराशी.

"शेजाऱ्याची मेंढी मारली होती," ती वाचत होती. "मेंढीचा उजवा कान..."

तिची जीभ अडखळली. पुढे लिहिलं होतं, शेंड्याला कापलेला, डाव्याला मागून खाच. माळ सगळ्यांचा एकच, म्हणून मेंढ्यांच्या कानांवर प्रत्येक घराची खूण वेगळी. ही मर्डोची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि मर्डोला शेजार एकच. एवढं सगळं बदलताना हे मात्र तिने जसंच्या तसं ठेवलं होतं! आजीचे हात मांडीवर घट्ट आवळले गेले.

"मेंढीचा उजवा कान," मार्सली म्हणाली, "कुत्र्याने खाल्ला होता. डावाही."

"म्हणजे पुरावाच गिळला की!" केनेथ ओरडला. सभागृह हसलं.

"मग मेंढी कुणाची?" कुणीतरी विचारलं.

"आता काय सांगणार," दारातून मर्डो म्हणाला. "पण कुत्रा शहाणा होता."

चहाच्या वेळी आजीने तिच्या बशीत लोणी लावलेला स्कोन ठेवला. "खा," ती म्हणाली. "आणि त्या प्रोफेसरच्या कागदावरही कुत्रा सोड."