भीमरावांची पुढची सीट

शालनकाकूंचं निम्मं आयुष्य लष्करी वसाहतींत गेलं. नवरा भीमराव फौजेत गाड्या चालवायचे. बदली कुठंही होवो, बायकोला नेणं-आणणं त्यांच्याच हातात. शेवटची बदली जयपूरला झाली, पेन्शनीत निघाल्यावर वैशाली नगरात घर झालं, तरी सिटी बस कशाशी खातात हे काकूंना ठाऊक नव्हतं.

मग भीमरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. काही महिन्यांनी काठी टेकत चालायला लागले, पण तोंडातून शब्द येईना. भिंतीकडे बघत बसून राहायचे.

त्यांच्या डॉक्टर संपदा मूळच्या कोल्हापूरच्या. त्या म्हणाल्या, "काकू, यांना कोंडून ठेवू नका. रोज माणसांत न्या."

"नेऊ कशानं? मला गाडी येत नाही."

"बसनं न्या की."

मुलगा कौस्तुभ बंगळूरहून फोनवर वैतागला. "आई, कॅब कर ना! मतलब, बाबा पडले तर?"

"पडले तर उचलीन," काकू म्हणाल्या.

पहिल्या दिवशी कंडक्टरनं हात देऊन भीमरावांना वर घेतलं आणि ड्रायव्हरजवळची सीट रिकामी करून दिली. ड्रायव्हर हनुमानसहाय आरशात बघत थांबला होता. मागून हॉर्न वाजत होते, पण भीमराव नीट टेकेपर्यंत त्यानं बस हलवली नाही. "आराम से, बाऊजी. बस कहीं नहीं भाग रही."

मग रोजचंच झालं. कुठल्या बसची पायरी खाली आहे, कुठल्या मिनीबसवाल्याला स्टॉपवर पुरतं थांबायचा कंटाळा आहे, हे काकूंना कळायला लागलं. मेट्रोतूनही त्यांनी नवऱ्याला फिरवून आणलं. गार, स्वच्छ, चढल्याबरोबर पोरं जागा देणारी. पण भीमराव तिथं पेंगले. चालवणारा दाराआड बंद! बसमध्ये मात्र त्यांची नजर हनुमानसहायच्या हातांवरून हलत नसे.

एकदा चांदपोलजवळ मोटरसायकलवाला आडवा घुसला. हनुमानसहायनं करकचून ब्रेक लावला. काकूंचं लक्ष खाली गेलं. नवऱ्याचा उजवा बूट फरशीवर घट्ट दाबलेला होता. जो पाय हलवण्यासाठी व्यायाम करून घ्यायला येणारा फिजिओथेरपिस्ट रोज विनवण्या करायचा, तोच पाय! काकू श्वास धरून बघत राहिल्या. पुढच्या सिग्नलला पाय पुन्हा दाबला गेला.

थंडीच्या सुरुवातीला हनुमानसहाय रजेवर गेला. बदली ड्रायव्हर नवखा होता. चढावर गिअर नुसता करकरत होता, बस आचके देत होती. भीमरावांचा चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरले.

"क... क्लच! क्लच दाब की रं!"

सगळी बस वळून बघायला लागली. ड्रायव्हरला मराठी समजली नाही, क्लच समजला. "सॉरी, बाऊजी," म्हणत त्यानं गिअर नीट टाकला. स्वतःच्या आवाजानं भीमराव दचकले होते. काकूंनी त्यांचा दंड धरला. "अहो, परत बोला ना!"

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. "क्लच," ते म्हणाले. कंडक्टरनं टाळी वाजवली. काकू पदरात तोंड खुपसून रडत होत्या.

त्यानंतर शब्द एकेक करून येत गेले. ब्रेक आला, गिअर आला, मग चहा. "माझं नाव शेवटी आलं," काकू सगळ्यांना हसत सांगतात. भीमराव अजून अडखळतात. उजव्या हाताला तेवढा जोर नाही. पण बसमध्ये त्यांना ओळखणारे खूप झाले आहेत.

यंदा दसऱ्याला काकू झेंडूची माळ आणि हळदकुंकू घेऊन स्टॉपवर उभ्या राहिल्या. "हमारे यहाँ आज गाडी की पूजा होती है, भैया. हमारी गाडी यही है." हनुमानसहाय खाली उतरला, चपला काढून बाजूला उभा राहिला. भीमरावांनी डाव्या हातानं बसला कुंकू लावलं. फौजेत त्यांनी सहसा कुणाला शाबासकी दिली नव्हती. आता हनुमानसहायकडे बघून ते सावकाश म्हणाले, "गाडी... अच्छी चलाते हो."

"बस, आपका आशीर्वाद है, बाऊजी." हनुमानसहायनं हात देऊन त्यांना वर घेतलं.

काकूंनी प्रवाशांना पेढे वाटले आणि कंडक्टरकडे राजा पार्क बाजाराची दोन तिकिटं मागितली. भीमरावांना छोले-कुलचे खायचे होते. तसं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.