वाजवून पाहिलेला दात

माझा वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. लहानपणी विहिरीच्या दगडी काठावर पडलो, तेव्हाचा. तेव्हापासून बोलताना तोंडापुढे पंजा धरायची सवय लागली ती हिंगोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत सुटली नाही. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वर्गात उठून बोलायची हिंमत आधीच कमी, त्यात हा दात.

परीक्षा उरकत आल्या आणि गावाजवळच्या एका शाळेतून पत्र आलं. मास्तरची जागा होती. सातवीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा, संस्थेची मंडळी मागे बसून ऐकणार. आमच्या इतिहासाच्या सरांनी स्पष्टच सांगितलं, "तोंडावर हात ठेवून शिकवणार असशील तर जाऊच नकोस."

म्हणून बाजाराच्या दिवशी परभणीहून येणाऱ्या दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "पुढच्या दाताला चांदी नको, काळी दिसेल. हे नवीन आलंय, कॉम्पोझिट. रंग दाताचाच." दोन छोट्या डब्यांतलं पांढरं मलम त्यांनी कागदावर भराभर कालवलं, दातावर लावलं आणि पारदर्शक पट्टीनं दाबून धरलं. थोड्याच वेळात ते घट्ट झालं. आरशात पाहिलं तर दात अख्खा!

"किती वर्षं टिकेल?" मी विचारलं.

"ते आम्हीच अजून पाहतोय. कडेला झिजतं, रंगही धरतं. टणक काही तोडू नका. राखुंडीनं घासणं बंद. आणि हळदीपासून जपा."

आमचं गाव कुरुंदा, सगळी शेतं हळदीची. कुरुंद्याच्या माणसाला म्हणे हळदीपासून जपा! घरी हळद शिजवणं चालू होतं. अंगण पिवळं, हात पिवळे, पाण्याचा तांब्यासुद्धा पिवळा. पाठाला आठ दिवस होते. ते हिंगोलीतच काढायला हवे होते, पण मला दात दाखवायचा होता, म्हणून गावी आलो. माझीच चूक.

"आ कर," आई म्हणाली. मग शेजारच्या मावशीसाठी आ केला. मग हळदीचा सौदा करायला आलेल्या चाचांसाठी. ते वाकून बघत म्हणाले, "बेटा, यातला असली कोणता?" सगळे हसले. मावशीनं नखानं टकटक केलं. आईनं दुसऱ्या दिवशी पहाटे राखुंडी पुढे ठेवली.

"आई, डॉक्टर नको म्हणले."

"नवं भांडं घासून ठेवलं तरच चमकतं. घास मुकाट्यानं."

मी बोटानं नुसतं केल्यासारखं केलं. तरी चौथ्या दिवशी दाताच्या कडेला पिवळी रेघ आलीच.

पण खरा कहर माझ्या वडिलांनी, बापूंनी केला. आमच्याकडे मडकं घेताना आधी वाजवून पाहतात. बद्द आवाज आला तर परत. त्यांनी अडकित्ता उलटा धरून माझ्या दातावर टक्-टक् केलं.

"बापू, काहून मारून राहिले?"

"मारत न्हाई, पाहून राहिलो. येवढ्या लांबून आणलेली वस्तू बराबर हाय का न्हाई, पाहू न्हाई व्हय?"

येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर तेच. मी चिडलो, रुसलो, एक दिवस तोंड मिटून बसलो. पाठाच्या दिवशी सकाळी भाकरीचा घास तोडला आणि कॉम्पोझिटचा तुकडा घासात आला.

बापूंनी तो तळहातावर घेऊन नीट पाहिला. "कच्चंच होतं. बरं झालं, घरीच कळलं."

मी ताट सरकवून उठलो. शाळेपर्यंतचे तीन कोस मनातल्या मनात भांडत गेलो. बापूंशी, आईशी, चाचांशी, त्या डॉक्टरांशीही. वर्गात शिरलो तेव्हाही डोकं तापलेलंच होतं. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात खडू, आणि त्या रागात मी शिकवत सुटलो. अर्धा पाठ झाल्यावर पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तुमचा दात कुठं गेला?"

"भाकरीत," मी म्हणालो.

वर्ग हसला. हात तोंडाकडे निघाला होता, पण त्यात खडू होता. मी फळ्याकडे वळलो आणि पुढचं वाक्य लिहिलं.

पाठ संपल्यावर मागे बसलेल्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला. जूनपासून या."

घरी येऊन सांगितलं. आई रडायलाच लागली. बापू सुपारी कातरत होते.

"पाहिलं?" ते म्हणाले. "उगंच त्या डॉक्टराकडं गेला."