झाकणाबाहेरचा माणूस

माझा धाकटा दीर जन्मला तोच बोलत, असं सासूबाई म्हणायच्या. घरात त्याला रेडिओ म्हणतात. फरक इतकाच, की रेडिओला बटण असतं.

तो प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर केसाहूनही बारीक थर चढवतो आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजतो. हा पदार्थ प्लॅस्टिकच्या जातीचा, पण विजेला थोडी वाट देणारा. म्हणजे धड तार नाही, धड रबर नाही. "सेंद्रिय अर्धवाहक, वहिनी!" हे मी भाजी चिरताना इतक्यांदा ऐकलंय, की मीही परीक्षा पास होईन.

इतरांच्या थरांतून वीज रडतखडत जायची, याच्या थरांतून दहापट. सगळ्यांचे थर एकाच बरणीतल्या द्रावणाचे, तरीही! तो म्हणायचा, "हाताला गुण असावा लागतो." नियम असा, की थर कोरड्या हवेच्या पेटीत ठेवून वर झाकण लावायचं, मग मोजायचं. पण हा झाकण काढून ठेवायचा. "झाकण लावलं की मला त्याचा चेहरा दिसत नाही." मग दोन सुया टेकवून, नाक थरापाशी नेऊन, त्याच्याशी गप्पा. "चल राजा, चल. दाखव आज."

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. एकच प्रतिस्पर्धी होती, त्याच्या शेजारच्या टेबलावरची घुमी बाई. ती कमी आकडे काढायची आणि कमीच लिहायची. निवड समितीसमोर प्रयोग करून दाखवायचा होता. आपला दिग्विजय पाहायला त्यानं आम्हा दोघी जावांना, म्हणजे मला आणि स्वतःच्या बायकोला, नेऊन काचेच्या भिंतीपलीकडे उभं केलं. जाऊबाईंनी नवी साडी नेसली होती.

तो वाकला, बोलला. पडद्यावरचा आकडा सरसर चढला. समितीतल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा, मला दिसत नाही."

तो बाजूला झाला. आकडा घसरला.

"सुई हलली वाटतं," म्हणत तो पुन्हा वाकला. "अरे, काय झालं तुला?" आकडा वर. सरळ झाला. आकडा खाली.

"आता वाका, पण तोंड बंद ठेवा. श्वाससुद्धा रोखा," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

तो श्वास रोखून लालबुंद झाला. आकडा शेजारणीच्या आकड्याशेजारी जाऊन बसला.

"हाताचा गुण नाही हो हा. तुमच्या श्वासातला ओलावा थर पितो, म्हणून वीज धावते. झाकण कशासाठी दिलंय?"

माझ्या कानाशी जाऊबाई पुटपुटल्या, "लग्नापासून मी हेच सांगतेय. तोंड बंद ठेवा."

जागा घुम्या बाईला मिळाली. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्या पेट्यांना घट्ट झाकणं बसवली आणि झाकण कुठे फटीतून श्वास घेतं का, हे तपासायला माणूस नेमला. कोण, ते सांगायला नकोच. आता तो रोज सकाळी एकेका पेटीसमोर वाकून मनसोक्त बोलतो. आकडा हलला, तर झाकण परत जातं.

"माझ्याशिवाय तिथं पान हलत नाही, वहिनी," तो मला सांगत होता. पण घसा बसलेला, आवाज अर्धाच. जेवून लगेच झोपायला गेला.

जाऊबाईंनी ताटं गोळा केली, स्वयंपाकघरातल्या शांततेला कान दिला आणि म्हणाल्या, "जागा मिळाली असती ना, तर मेलेच असते मी."