श्रीमंतांचा आजार

“तुमच्याकडे खायलाच मिळत नव्हतं ना गं? मग हा श्रीमंतांचा आजार तुला कुठून झाला?”

डॉक्टरकाका हे सगळ्यांदेखत बोलले. ड्रेस्डेनमधलं त्यांचं घर, रविवारची दुपार, टेबलाभोवती आम्ही सगळे मराठी. कुणी पीएचडी करणारं, कुणी चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. आधी कुणी हसलं नाही. मग काका स्वतःच हसले, म्हणून सगळे हसले. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पुरी टाकली.

“खा. लाजू नकोस.”

मान खाली घालून मी ती पुरी खाल्ली.

माझं दुखणं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. विश्वासानं. लॅबमध्ये मी चक्कर येऊन पडले होते. प्रोफेसरबाईंनी बजावलं, आधी डॉक्टर, मग प्रयोग. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं. असलं दुखणं परक्या भाषेत कसं सांगायचं? काका मराठी, त्यातून डॉक्टर. म्हणून त्यांना म्हणाले, “काका, मला जेवायची भीती वाटते.” त्याची त्यांनी पंगतीत करमणूक केली.

मी परभणीकडची. वस्ती गावाबाहेरची. आमच्यातून एवढं शिकलेली पहिलीच. ड्रेस्डेनच्या होस्टेलला स्वयंपाकघर सामाईक होतं. शेजारच्या खोलीत पुण्याची मुलगी. तिनं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात कुठे. तिला हवं ते कळलं. मायनं बांधून दिलेलं सुकट मी एकदा भाजलं, तर ती नाकाला ओढणी लावून आली आणि आपली भांडी उचलून खोलीत घेऊन गेली.

“राग मानू नकोस हं. तुमच्यात चालतं, आमच्यात नाही.”

जर्मन मुलं त्याच शेगडीवर डुकराचं मांस तळायची. तेव्हा तिची भांडी जागची हलत नव्हती.

मग मी कुणी असताना स्वयंपाकघरात जाईना. पुढे कुणी नसतानाही जाईना. उपाशी राहिलं की बरं वाटायचं. वाटायचं, आता मला कुणाचं काही लागत नाही. जिला अन्नच लागत नाही, तिचा विटाळ कोण मानणार? असा तो विचार होता. तेव्हा शहाणपणाचा वाटायचा.

लोक म्हणायचे, “किती छान बारीक झालीस! डाएट सांग ना.” केस मूठमूठ गळत होते. पाळी बंद झाली होती. उन्हातही कोट निघत नव्हता. दिवसभर डोक्यात फक्त अन्न, आणि ताट पुढे आलं की मी ते बाजूला सारायचे. हे सगळं सगळ्यांसमोर घडत होतं. कुणालाही त्यात आजार दिसला नाही. मलाही नाही.

काकांच्या घरून आल्यावर मी दुसऱ्याच दिवशी होस्टेलजवळच्या जर्मन डॉक्टरणीकडे गेले. तिनं रक्त तपासलं, नाडी पाहिली. मग हळू, सोप्या जर्मनमध्ये विचारलं, “तुम्हाला खायची भीती वाटते का?”

“या,” मी म्हणाले. हो.

ती हसली नाही. म्हणाली, “हा आजार आहे. गंभीर आहे. पण यावर उपचार असतात.” तिनं मला क्लिनिकमध्ये पाठवलं.

तिथे आम्ही सगळ्या आजारी मुली एका टेबलाशी जेवायचो, नर्स शेजारी बसायची. वजनकाट्यावर आकड्याकडे पाठ करून उभं राहायचं. ताटातलं संपवायला तास लागायचा. चिडायचे, रडायचे, पुन्हा बसायचे. थेरपिस्टबाई चांगली होती. पण पहिला प्रश्न काय? “तुमच्या धर्मात उपास फार असतात ना?”

मी जात सांगायला लागले, तर म्हणाली, “कास्ट? पण ते कायद्यानं बंद झालंय ना?”

किंचाळावंसं वाटलं. उभं राहायची ताकद नाही, आणि आधी मी हिला इतिहास शिकवायचा, मग ही मला बरं करणार! तरी सांगितलं. विहीर सांगितली, वरून ओतलेलं पाणी सांगितलं, होस्टेलची भांडी सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, “म्हणजे तुमच्यासाठी अन्न हे कधी फक्त अन्न नव्हतंच.” त्या दिवसापासून उपचार खरे सुरू झाले.

आणि तेवढ्यात भावाचा फोन. घाबरलेला.

“ताई, परत ये. तुझ्या तिथल्या डॉक्टरकाकांनी फोन केला होता. म्हणाले, तुझं डोकं ठिकाणावर नाही. शिक्षण झेपत नाही तुला.”

मी म्हणाले, “मायला दे.”

“माय, मला जेवण जात नाही. हा आजार आहे. वेड नाही.”

माय म्हणाली, “कोनी काई बोललं का तुला?”

मी सगळं सांगितलं.

“बोलले ते. अन् तू काहून उपाशी राहायलीस?”

तिचं पटत होतं आणि तरी घास उतरत नव्हता. कळणं वेगळं, बरं होणं वेगळं. पण परत ये, असं माय म्हणाली नाही.

पुढच्या रविवारी क्लिनिकची परवानगी काढून ट्रामनं काकांकडे गेले. तीच मंडळी जमलेली.

“काका, माझ्या दुखण्याबद्दल माझ्या घरी फोन करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच. तुम्हा लोकांना संधी मिळते, पण ती झेपत...”

“तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला? नाव घ्या.”

कुणी हसलं नाही. होस्टेलमधली ती पुण्याची मुलगी ताटात बघत होती. काकू उठल्या. “बस गं आधी. पाणी तरी घे.”

“नको काकू. या घरचं पाणी मला चालत नाही.”

मी बाहेर आले. कोपऱ्यावरच्या बेकरीतून चीजचा ब्रेड घेतला आणि ट्रामच्या थांब्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, उभ्यानं खाल्ला. सगळा नाही. अर्धा. भीती होतीच.

मी बरी झाले, असं अजून म्हणत नाही. काही दिवस जेवण जातं, काही दिवस ताटाशी भांडण होतं. थेरपी चालू आहे, पीएचडीही. दोन्ही पूर्ण करणार. आजार लपवणार नाही आणि जातही नाही. कुणाचं सोवळं राखण्यासाठी यापुढे मी उपाशी राहणार नाही.