बुधवारचं पत्र

सुनंदा, ये, अशी जवळ सरक. दार लोट आधी. काय गं बाई तू! सासूच्या नावानं आलेलं पत्र चार दिवस पिठाच्या डब्यात लपवलंस? तुझ्या दिराची बदली सरहद्दीवर झाली, म्हातारीला धक्का नको, हे तूच ठरवलंस. रागावत नाही मी. पण वीस वर्षं पोस्ट सांभाळलंय, तेव्हा ऐक.

चीनच्या लढाईचे दिवस. तुझे काका गावचे मास्तर, शाळेबरोबर पोस्टही बघायचे. ते त्याआधीच वारले आणि पोस्ट माझ्याकडे आलं. शाळेत मी कधी गेले नाही. अक्षरं, पत्त्यापुरती इंग्रजीसुद्धा, त्यांनीच चुलीपाशी शिकवली. आमचं ब्रँच ऑफिस म्हणजे घराच्या ओसरीवर एक टेबल, एक तराजू आणि तारखेचा शिक्का. वलगावकडून रनर थैली आणायचा. रनर म्हणजे टपाल पायी वाहून आणणारा. थैलीच्या तोंडाला सुतळी, सुतळीवर लाखेची मोहोर. ती फोडायची, प्रत्येक पत्रावर त्या दिवसाचा शिक्का मारायचा, आणि त्याच दिवशी ज्याचं त्याला द्यायचं. नियम एवढाच.

त्या बुधवारी थैलीत एक इनलँड पत्र निघालं. कौतिकाबाईच्या नावाचं. नवरा नाही, एक मुलगा दौलत पलटणीत, एक मुलगी रुक्मी. दौलतची पत्रं मीच वाचून दाखवायची. पत्ता इंग्रजीत असायचा, पलटणीतला कोणी लिहून द्यायचा. आताही तसाच होता. पण पत्राचा वरचा कोपरा नव्हता.

आपल्याकडे मयताचं पत्र लिहिलं की कोपरा फाडतात. वाचायचंही घराबाहेर.

रनर सदाशिव खांद्यावरून बघत होता. "वहिनी, कोपरा नाही याले."

"दिसते मले."

"उद्या रुक्मीचं लग्न हाये. हळद लागली तिले. मांडवात पोरगी उभी राहू द्या, मंग द्या."

इनलँड चिकटवलेलं. दुसऱ्याचं टपाल फोडणं गुन्हा, ते काही मी केलं नाही. शिक्का मारला आणि पत्र पेटीत ठेवलं. तेवढ्यात खुद्द कौतिकाबाईच आल्या. हात हळदीनं पिवळे.

"माह्या दौलतचं काई आलं काय वं, मास्तरीण?"

"नाही आलं, माय."

"बहिणीच्या लग्नाले दोन ओळी तं धाडाव्या! येऊ दे घरी, कान पिरगाळतो त्याचा." हसतच गेल्या.

गुरुवारी लग्न लागलं. बुद्धवंदना झाली, लोक जेवले. मीही पंगतीत बसले, घास गिळला. रुक्मी सासरी गेली. शुक्रवारी पाहुणे पांगले, तेव्हा दुपारी मी पत्र घेऊन निघाले. कौतिकाबाईंना अंगणात बोलावलं. पत्राचा तुटका कोपरा बघितला आणि बाई मटकन मातीत बसली. शेजारणी जमल्या. मी पत्र फोडलं.

आत दौलतचं अक्षर.

"माये, आमची पलटण लढाईवर जाऊन राहिली. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास आमची गाडी बडनेऱ्याले पाण्यासाठी थांबन. तू ये. मी दारातच उभा राहीन. रुक्मीले म्हण, रागावू नको. तुले पाहतो अन् जातो."

"जित्ता हाये!" कौतिकाबाई उठल्याच. "माहा दौलत जित्ता हाये वं!" मग थांबल्या. "आज कोन्ता वार?"

मीच म्हटलं, "शुक्रवार." आणि लगेच सांगून टाकलं, "माय, पत्र बुधवारीच आलं होतं."

त्यांनी मला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाल्या, "मले इचारलं असतं तं? रडली असती, लग्न थांबवलं असतं, नसतं थांबवलं. ते माहं होतं ना वं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पहिल्या मोटारीनं बडनेऱ्याला गेलो. गाडी गेलेली, हे दोघींना माहीत होतं. तरी गेलो. एका हमालाला विचारलं. तो म्हणाला, "आली होती फौजेची गाडी. अर्धा घंटा थांबली. एक जवान फाटकाकडे पाहत उभा होता. शिट्टी झाली तरी चढेना, बाकीच्यांनी ओढून घेतला." कौतिकाबाईंनी कुठलं फाटक ते विचारलं आणि तिथं जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ.

मी दौलतला पत्र लिहिलं. माय आली असती, चूक माझी आहे, असं स्वच्छ लिहिलं. फौजेच्या पत्त्यात गाव नसतं, नुसता नंबर असतो. त्या नंबरावरून पत्र परत आलं, न फोडलेलं. त्याच्या आधी दौलत गेल्याची तार आली होती. ती मात्र मी आली त्या घडीला पोचवली.

ओव्हरसियर तपासणीला आले. ओव्हरसियर म्हणजे आमच्यासारख्या ऑफिसांवर देखरेख करणारे. मीच सगळं सांगितलं.

"कोपरा?" ते म्हणाले. "अहो बाई, लाखेचा थेंब पडतो, पत्र चिकटतं, ओढलं की फाटतं. अशी कितीतरी पत्रं येतात."

"मले कामावरून काढा, साहेब."

"दोन दिवस उशिरा डिलिव्हरी. ताकीद लिहितो."

"एवढंच?"

"नियमात एवढंच आहे."

कौतिकाबाईंनी पुन्हा माझ्याकडून काही वाचून घेतलं नाही. वाचायला काही आलंही नाही. समोरून गेल्या की "बरी हायेस?" विचारायच्या. ते जास्त लागायचं.

मी मात्र त्यानंतर एक शिकले. टपाल आलं त्या दिवशीच द्यायचं. बातमी कशी आहे आणि माणसाला ती झेपेल का, हे बघायचं काम पोस्टाचं नाही.

असो. तुझी अकोल्याची मोटार सुटेल आता, ऊठ. घरी पोचलीस की आधी ते पत्र सासूच्या हातात दे. पण असं वर्षवर्ष तोंड न दाखवता राहू नको बाई. या महिन्यातच ये परत, दोन दिवस राहायला ये. माझे गुडघे आता तुझ्या दारापर्यंत येत नाहीत.