मी पांडा घासला

दुसऱ्याचं चांदीचं नाणं मी टूथपेस्ट लावून घासलं. नुसत्या पेस्टनं समाधान होईना, म्हणून वरून रांगोळीही लावली.

नाणं चिनी होतं. चीनमध्ये दरवर्षी सोन्याचांदीत पांड्याचं नाणं काढतात, आणि पांडा बहुधा दर साली नवा असतो. कधी बांबू खाणारा, कधी फांदीवर लोंबकळणारा. कोणी गुंतवणूक म्हणून घेतं, कोणी एकेक साल जमवत बसतं. आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात माझ्या शिफ्टला असलेला आयरिश टेक्निशियन हा जमवणारा. त्याच्या लाकडी पेटीत सगळे पांडे होते, फक्त मुलीच्या जन्मसालाचा खळगा रिकामा. ती त्या नोव्हेंबरात अठरा वर्षांची होणार होती. २०२० साल, पब बंद, पाहुणे बंद. म्हणजे ते नाणं हाच सगळा वाढदिवस. त्याच्या घरी आलेली पार्सलं आधी मुलगीच फोडते, म्हणून त्यानं ते माझ्या पत्त्यावर मागवलं.

"साल बरोबर आहे का तेवढं बघ," तो फोनवर म्हणाला.

साल बरोबर होतं. पण गोल प्लास्टिकच्या डबीत बसलेल्या पांड्यावर दुधाचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे डाग होते. मला त्या माणसाची दया आली. बिचाऱ्याला कुणीतरी जुना माल गळ्यात मारला!

आई तेव्हा आमच्याकडेच होती. मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी वर्ध्याहून आली आणि विमानं बंद झाल्यामुळे दिवाळीपर्यंत अडकली. तिनं चष्मा वर करून पाहिलं.

"चांदी हाये नं? मंग घास नं."

इथे सांगायला हवं की माझी नोकरी क्लीनरूममध्ये आहे. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात जायचं, चिपच्या सिलिकॉन चकतीवर धुळीचा एक कण दिसला तर त्यावर मीटिंग घ्यायची. ती मीटिंग मीच घेतो. तर मी डबी उघडली आणि जुन्या ब्रशनं पांडा पोटापासून कानापर्यंत घासला. असा लखलखला म्हणता!

लक्ष्मीपूजन होतंच. घरात नवी चांदी आलेली, मग पूजेत नको? मी तबकात ठेवलं तर आई ओरडली, "अरे, लक्ष्मीच्या बाजूले अस्वल कायले ठेवतं?"

मी नाणं उलटं केलं. मागच्या बाजूला बीजिंगचं एक मोठं देऊळ असतं.

"देऊळ हाये? मंग ठेव."

पंचामृत झालं, हळदकुंकू झालं. मग मी पांडा परत डबीत बसवला.

सोमवारी कार पार्कमध्ये, दोघं मास्क लावून दोन मीटरवर उभे. मी डबी त्याच्या बॉनेटवर ठेवून मागे सरलो. त्यानं खिशातून भिंग काढलं. एरवी पाऊस, पगार, पोटदुखी, सगळ्यालाच 'ग्रँड', म्हणजे झकास, म्हणणारा हा माणूस भिंग पांड्याच्या कानाशी नेत खाली वाकला.

"ह्याच्या कानात लाल काय आहे?"

"कुंकू. शुभ असतं."

"आणि हे ओरखडे?"

"ओरखडे नाहीत, चमक आहे. मी घासून दिलं. फुकट."

त्यानं भिंग खाली ठेवलं. मग मुलाला समजवावं तसं सांगितलं की जमवणारे नाण्याला बोटसुद्धा लावत नाहीत, घासलेलं नाणं म्हणजे नुसता चांदीचा तुकडा, आणि त्या सालचं दुसरं शोधायला आता वेळ नाही.

"तू सांगितलं नव्हतंस," मी म्हणालो.

"तुझ्या घरी येऊन पडदे पेटवू नको, असं तूही मला कधी सांगितलं नाहीस."

आठवडाभर मी त्याच्या नजरेसमोर येणं टाळलं. पोशाख चढवायच्या खोलीत दोघांनाच उभं राहायची वेळ आली, तेव्हा धीर करून विचारलं, "वाढदिवस?"

"दिलं तेच. खुलासा पण केला. ती इतकी हसली की खुर्चीवरून पडायची बाकी होती. पेटीतला हा एकच पांडा तिला आवडलाय. कानातलं लाल पुसू देत नाही."

माझी छाती फुगली. "बघ! म्हणजे माझं काही अगदीच चुकलं नाही."

त्यानं हातमोजे चढवले, चेहऱ्यावरचं कापड नाकावर ओढलं.

"ती अठराची आहे, तिला माफ. तू पंचेचाळीसचा आहेस. आज मशीनला हात लावू नकोस."